बाणावरची माणसं

मगदूम अक्कांनी सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही कागदावर 'बरोबर' असा शेरा कधी मारला नाही. त्यांचे शेरे दोनच. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असेल तर 'पाहिले' आणि दुसऱ्या कुणी सांगितलं असेल तर 'ऐकले'. प्रयोगशाळेतल्या जाडजूड वह्या या दोन शब्दांनी भरलेल्या असायच्या. आपल्या सांगण्यापुढं 'ऐकले' लिहिलेलं दिसलं की माणूस आतल्या आत कुढायचा. तू खोटं बोललास असं कुणी म्हटलेलं नाही, पण खरं बोललास असंही कुणी मान्य केलेलं नाही, अशी त्याची गत व्हायची.

कोल्हापूरच्या बाहेर हमरस्त्याला लागून असलेल्या एका खाजगी डेअरीत अक्का प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात इस्त्री न केलेला पण स्वच्छ पांढरा एप्रन. एप्रनच्या खिशात चष्म्याचं एक जुनं घर असायचं आणि त्यात चष्म्याऐवजी काचेचा थर्मामीटर. यंत्रांवर तापमानाच्या चकत्या होत्या, पडद्यावर आकडे दिसत होते, तरी अक्का स्वतःचा थर्मामीटर लावल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. कुणी हसलं तर म्हणायच्या, "ते पण बघू दे, मी पण बघतो." आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखं त्या 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या. रसायनशास्त्राची पदवी घेतली तरी ते काही सुटलं नव्हतं.

मूळच्या कबनूरच्या. वडील यंत्रमागावर कामाला. जैनांचं घर, त्यामुळं पाणी गाळून प्यायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं. संध्याकाळची पाळी असली की साडेपाचला त्यांचा डबा उघडायचा, मग समोर कुणीही साहेब उभा असो. मी एकदा गमतीनं विचारलं, "अक्का, तुम्ही सगळ्यांवर इतका संशय का घेता?" त्यावर त्या म्हणाल्या, "आमच्यात पाणी गाळून पितात. मी बोलणं पण गाळून घेतो. त्यात पाण्याचा काय अपमान हाय?"

पण माणसांना अपमान वाटायचा. अक्का कँटीनमध्ये आल्या की गप्पा थांबायच्या. मी तिथं रुजू झाले त्या आठवड्यातच पॅकिंगमधल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, त्या बाईसमोर जपून. ती मालकाची माणूस हाय." दोन दिवसांनी ऑफिसातल्या एका अधिकाऱ्यानं दार लोटून घेत सांगितलं, "मगदूमबाईंना जास्त माहिती देऊ नका. त्या कामगारांच्या बाजूच्या आहेत." मलाही त्यांचा संशय येऊ लागला. जी बाई दोन्ही बाजूंना आपली वाटत नाही, तिची स्वतःची काहीतरी बाजू असणार, आणि ती लपवते आहे, असं मी धरून चालले.

माझं काम नकाशा काढायचं होतं. जमिनीचा नव्हे, कामाचा. टँकर फाटकातून आत येतो तिथपासून दुधाची पिशवी गाडीत चढते तिथपर्यंतचं एकेक काम एकेका चौकोनात लिहायचं आणि चौकोन बाणांनी जोडायचे. त्यावरून पुढं नवीन संगणक प्रणाली बसवायची होती आणि गुणवत्तेचं एक प्रमाणपत्रही घ्यायचं होतं. मी दोन महिने राबून तो नकाशा केला. भिंतीवर लावला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरला. सगळ्या साहेबांनी वाहवा केली. शेवटी तो अक्कांना दाखवायचा होता.

अक्का हात मागं बांधून दहा मिनिटं नकाशासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे कुठल्या डेअरीचं हाय?"

"आपल्याच."

"आपल्या डेअरीत दूध कधी फाटत न्हाय?"

"फाटतं की."

"मग ते ह्यात कुठं हाय?"

मी सांगितलं की धोक्यांचा तक्ता वेगळा करायचा असतो, तो अहवालाच्या शेवटी जोडतात. आम्हाला तसंच शिकवलं होतं. अक्का म्हणाल्या, "वेगळा केला की तो वेगळ्या कपाटात जातो. चल माझ्यासंगं."

त्यांनी नकाशातला एक बाण निवडला. 'टँकर आला' या चौकोनापासून 'दूध टाकीत घेतले' या चौकोनापर्यंतचा. कागदावर तो बोटभर लांब होता. आम्ही तो बाण पायी चालून बघितला. फाटकावर नंबर लिहून घेणारा वॉचमन भेटला. टँकरचा ड्रायव्हर भेटला. नळी जोडणारा भेटला. दुधाचा नमुना घेणारा भेटला. कुठल्या टाकीत दूध सोडायचं ते लिहायचा फळा पुसला गेला होता, म्हणून वरून ओरडून सांगणारा एक भेटला. त्याचं ओरडणं ऐकून पंप चालू करणारा भेटला. आणि ओरडणाऱ्याला फोनवरून टाकीचा नंबर सांगणारा एक जण आत बसला होता, तोही बघून झाला. अक्का थांबून म्हणाल्या, "किती माणसं झाली?"

"सात."

"तुझ्या बाणावर किती हायत?"

एकही नव्हतं. अक्का रागावल्या नाहीत. "चौकोनात काम असतंय. कामात माणूस लक्ष देतोय. चुकतंय ते एकाकडनं दुसऱ्याकडं जाताना. बाण म्हणजे नुसता भरवसा हाय, दुसरं काय न्हाय."

त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. लाल टिकल्या, मोठ्या, मधल्या आणि बारक्या. त्यातली एक मोठी टिकली त्यांनी त्या बाणावर चिकटवली. त्या दिवसापासून रोज दुपारी एक तास आम्ही दोघी एकेक बाण चालून बघायचो आणि टिकल्या लावायचो. मोठी टिकली म्हणजे चूक झाली तर लेकरू आजारी पडेल. मधली म्हणजे दूध फेकून द्यावं लागेल. बारकी म्हणजे नुसता वैताग. कुठली लावायची ते कसं ठरवायचं, असं मी विचारलं. "पिशवी कुणाच्या घरात फुटणार हाय ते डोळ्यापुढं आणायचं," अक्का म्हणाल्या. मग एक प्रश्न ठरलेला असायचा. "हे चुकलं तर पयल्यांदा कुणाला कळंल?" उत्तर 'कुणालाच नाही' असं आलं की तिथं टिकलीच्या शेजारी दुसरी टिकली लागायची.

महिन्याभरात माझ्या देखण्या नकाशाला गोवर उठल्यासारखं झालं. मला आधी वाईट वाटलं. नंतर नंतर मात्र मी नकाशाकडं बघायची ती टिकल्यांवरूनच. प्रत्येक टिकलीजवळ आम्ही एक उपाय लिहायचो. तपासणी कुणी करायची, कधी करायची, आणि ज्यानं काम केलं त्यानंच ती करायची नाही.

पहिल्या दिवसांत अक्का टिकलीशेजारी कधीकधी माणसाचं नावही पेन्सिलीनं लिहायच्या. त्यातलं एक नाव होतं निवृत्ती.

निवृत्ती हा मुरगूडकडून येणाऱ्या टँकरचा ड्रायव्हर. राहायला गडमुडशिंगीला. तिशीचा, उंच, बोलायला मोकळा. त्याच्या टँकरचं दूध पंधरवड्यात तीनदा पातळ निघालं. पाणी होतं हे चाचणीत स्पष्ट दिसत होतं. टँकरचं सील मात्र धड होतं. अक्का म्हणाल्या, "सील धड हाय म्हणजे सील काढून बसवायची कला हाय." त्यातच एकदा टँकर पाऊण तास उशिरा आला. निवृत्ती म्हणाला चाक पंक्चर झालं होतं. अक्कांनी वहीत लिहिलं, 'ऐकले'. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरव्यवस्थापक शिंदे साहेबांना लेखी कळवलं की या ड्रायव्हरबद्दल शंका आहे. साहेबांनी चौकशी वगैरे केलीच नाही. निवृत्तीला त्याच दिवशी काढून टाकलं.

तीन आठवड्यांनी त्याच टँकरचं दूध पुन्हा पातळ निघालं. ड्रायव्हर नवीन होता. दोन दिवसांनी भलत्याच टँकरचं निघालं.

त्यानंतर चार दिवस अक्कांचं एकच काम चाललं होतं. सकाळी सहाला येऊन टँकर लागायच्या जागी स्टूल टाकून बसायच्या आणि बघायच्या. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि नळीकडं बोट केलं. टँकरमधून दूध ओढून घेणारी ती जाड नळी मधोमध लोंबत होती. आदल्या दिवशी धुतल्यावर उरलेलं पाणी त्या झोळात साचून राहायचं. सकाळी जो टँकर पहिला लागेल त्याच्या दुधात ते जायचं, आणि मुरगूडचा टँकर बहुतेक वेळा पहिला असायचा. एवढ्या पाण्यानं अख्खा टँकर काही पातळ होत नाही. पण नमुना टँकरवर चढून झाकणातून घ्यायचा असा नियम असताना चढायचा कंटाळा म्हणून तो पंपाजवळच्या तोटीतून, अगदी सुरुवातीच्या दुधाचा घेतला जात होता. नमुना घेणारी माणसं प्रयोगशाळेची. म्हणजे अक्कांच्याच हाताखालची.

त्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "मेघा, तुझी स्कूटर हाय न्हवं? गडमुडशिंगीला जायाचं हाय."

निवृत्ती गोठ्यापुढं चारा तोडायच्या यंत्राचं पातं काढून बसला होता. आम्हाला बघून तो उठला नाही. त्याच्या आईनं खुर्च्या टाकल्या, पाणी आणलं. अक्का बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "निवृत्ती, तू पाणी घातलं न्हाईस. पाणी आमच्या नळीत होतं. मी चुकलो."

तो पात्याकडंच बघत म्हणाला, "घरात सांगून काय उपेग, अक्का? घरच्यांस्नी म्हाईत हाय मी कसा हाय त्ये. गावात मला पाणीवाला म्हणत्यात. सांजच्याला दूध घालायला समदं गाव डेअरीवर येतंय. तितं सांगा."

मला वाटलं अक्का काहीतरी सबब सांगतील. साहेबांची परवानगी लागेल, लेखी पत्र देते, असं काहीतरी. त्या म्हणाल्या, "किती वाजता येतंय गाव?"

साडेपाचला गावच्या दूध संकलन केंद्रापुढं रांग लागली. किटल्या, बरण्या, सायकली, बायका, म्हातारी माणसं. अक्का पायरीवर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागं. त्यांनी एप्रन घातला नव्हता, त्यामुळं त्या एकाएकी फार लहान दिसायला लागल्या.

"मी मगदूम. डेअरीच्या लॅबमधी असतो. निवृत्तीनं दुधात पाणी घातलं असं मी साहेबाला लिहून दिलो. त्ये मी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. पाणी आमच्याच नळीत होतं. चूक माझी हाय, त्येची न्हाय."

रांगेच्या शेवटून एक म्हातारा म्हणाला, "बाई, मागं ऐकाय आलं न्हाय. पुन्ना म्हणा."

अक्कांनी सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं, एकही शब्द न गाळता. काट्यावरच्या माणसानं पुढच्या बाईची किटली घेतली आणि रांग हलली.

निघताना अक्कांनी निवृत्तीला विचारलं, "परत येतोस कामावर? साहेबाशी मी बोलतो."

"न्हाय," तो म्हणाला. "राग न्हाय, अक्का. पण आता मला तुमचा भरवसा न्हाय."

अक्कांनी मान हलवली. परतताना उजळाईवाडीच्या अलीकडंच दिवस मावळला. त्यांचा डबा स्कूटरच्या डिकीत तसाच होता. मी थांबू का म्हणून विचारलं, तर "आता काय खाऊन," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री त्या उपाशी राहिल्या असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोडरबर घेऊन नकाशावरची सगळी नावं पुसली. पुढं कधीही टिकलीशेजारी माणसाचं नाव आलं नाही. मी एकदा एक नाव सुचवलं तेव्हा म्हणाल्या, "शंका बाणावर घ्यायची. माणसावर घेतली की बाण तसाच राहतोय, माणूस तेवढा जातोय."

यानंतर सुमारे वर्षानं एका मोठ्या कंपनीची माणसं डेअरी बघायला येणार होती. आमचं दूध त्यांच्या नावानं विकायचं घाटत होतं. शिंदे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तो नकाशा मीटिंग हॉलमध्ये लावायचा आहे. पण त्या टिकल्या नकोत. बघणाऱ्याला वाटेल इथं पावलोपावली घोटाळा आहे. आणि हे बघा, 'दर तासाला दुसऱ्या माणसाने स्वतःच्या थर्मामीटरने तपासावे.' म्हणजे आपला आपल्याच मशीनवर विश्वास नाही असं झालं. जरा स्वच्छ प्रत काढा."

मी स्वच्छ प्रत काढली. अक्कांना सांगितलं नाही. माझी नोकरी पक्की व्हायची होती, हेही इथं सांगून टाकते. प्रत इतकी सुबक झाली की पाहुणे येऊन गेल्यावर साहेबांनी तिच्या आणखी प्रती काढून प्रत्येक विभागात लावल्या. दूध तापवायच्या खोलीतही एक लागली.

अक्कांनी ती कधीतरी बघितली असणार. एका दुपारी बाण बघायला निघताना त्या सहज म्हणाल्या, "आता दोन नकाशे झाले की गं. कुठल्या डेअरीत जाऊया?" मी खाली बघितलं. त्या चालू लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तो दिवस आला. पावसाळ्याचे दिवस होते. बॉयलरला घालायचा उसाचा भुस्सा ओला होता, त्यामुळं वाफ नीट होत नव्हती. दूध ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ तापलं पाहिजे. जरा कमी तापलं तर यंत्रातली एक झडप आपोआप फिरते आणि ते दूध परत मागं पाठवते. त्या सकाळी झडप सारखी फिरत होती, दूध पुढं जात नव्हतं आणि दुपारच्या खेपेच्या गाड्या खोळंबल्या होत्या. नऊच्या सुमारास मात्र सगळं सुरळीत झालं. पिशव्या भरल्या, क्रेट चढले.

साडेअकराला अक्का तापमानाचा कागद बघायला गेल्या. गोल कागद असतो, त्यावर यंत्राचं पेन दिवसभर तापमानाची रेघ ओढत असतं. मी शेजारी होते. अक्कांनी कागद चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मेघा, ही रेघ बघ. नऊपर्यंत कशी हाय?"

"थरथरती. वरखाली."

"नऊनंतर?"

"सरळ आहे. चांगली आहे."

"सरळ न्हाय. हळूहळू उतरतीया. दूध असं तापत न्हाय. दूध वर जातंय, खाली येतंय. असं नुसतं उतरत जातंय ते काय? चहा निवतोय असं वाटतंय."

त्या यंत्राच्या मागं गेल्या. तापमान मोजणारी धातूची कांडी दुधाच्या नळीतल्या खोबणीत असायला हवी होती. ती तिथं नव्हती. कुणीतरी ती काढून जमिनीवरच्या एका स्टीलच्या थर्मासमध्ये ठेवली होती. थर्मासमध्ये गरम पाणी. यंत्राला वाटत होतं दूध छान तापलंय. झडप पुढच्या बाजूला उघडी होती आणि अर्धवट तापलेलं दूध अडीच तास पिशव्यांत भरलं जात होतं.

अक्कांनी पहिल्यांदा यंत्र बंद करायला लावलं. मग त्या अंगणात गेल्या आणि फाटकाच्या बाजूला लागलेल्या पहिल्या गाडीच्या पुढं उभ्या राहिल्या. शिंदे साहेब धावत खाली आले.

"बाई, चाचणी करा ना. तुम्हाला कोण नको म्हणतंय? पण तोवर गाड्या जाऊ देत. काही निघालं तर फोन करून परत बोलवू."

"गेलेलं दूध परत येत न्हाय, साहेब. पिऊन झालेलं असतंय."

"तुम्हाला नुसती शंका आहे."

"व्हय. शंकाच हाय. म्हणून तर इथं उभा हाय. खात्री असती तर टाकी ओतून दिलो असतो."

एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. साहेब त्याच्यावर ओरडले. मी अक्कांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शौर्य वगैरे काही नव्हतं, पाय तिकडं गेले एवढंच. चाचणीला तास लागतो. नमुन्यात एक औषध घालून ते कोमट ठेवायचं. पिवळं पडलं तर दूध नीट तापलेलं नाही असं समजायचं. त्या तासात अक्का गाडीपुढून हलल्या नाहीत. प्रयोगशाळेतली मुलगी नळ्यांचा स्टँड घेऊन धावत आली, तेव्हा लांबूनच दिसलं. नळ्या हळदीसारख्या पिवळ्या होत्या.

सगळ्या गाड्या उतरवल्या. त्या दिवशी शहराच्या निम्म्या भागाला आमचं दूध मिळालं नाही. लोकांनी दुकानदारांना शिव्या घातल्या, दुकानदारांनी आम्हाला. कुणी आजारी पडलं नाही, त्यामुळं काय टळलं ते कुणाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत साहेबांनी एकच प्रश्न लावून धरला, थर्मास कुणाचा? सगळे एकमेकांकडं संशयानं बघत होते. तो आपला नव्हे हे दाखवायला दोघातिघांनी आपापले थर्मास बैठकीत आणले होते. अक्का म्हणाल्या, "मला ठाऊक हाय कुणाचा. पण मी नाव सांगणार न्हाय."

"म्हणजे तुम्ही त्याला वाचवताय."

"एकदा नाव दिलेलं हाय मी, साहेब. तुम्ही त्या माणसाला काढलासा आणि नळी तशीच लोंबत राहिली. आता नळीचं बोलूया. भुस्सा ओला कुणी घेतला? गाड्यांना उशीर झाला म्हणून गेल्या आठवड्यात कुणी कुणाला झापलं? आणि दर तासाची तपासणी कुठल्या नकाशातनं गेली?"

मी उभी राहिले. तपासणीची ती ओळ मी काढली, असं मी सांगितलं. कुणी काढायला सांगितलं ते मात्र सांगितलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि बैठक संपली.

बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "बोललीस ते बरं झालं. मला आधीच दिसलं होतं. पण ऐकायचं राहिलं होतं."

थर्मासवाला सकाळपाळीचा सुपरवायझर होता. त्याचं नाव मीही लिहीत नाही. तो त्या संध्याकाळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल झाले होते. अक्कांनी कपाटातून थर्मास काढून त्याच्या हातात दिला. "घरी घेऊन जा. घरात चहाला लागतोय की." पुढं जितकी वर्षं मी तिथं होते, तितकी वर्षं तपासणीचा थर्मामीटर दर तासाला न चुकता लावणारा तोच एक होता.

अक्कांना मात्र महिन्याभरात 'प्रशिक्षण विभाग' नावाच्या एका खोलीत बसवलं. गाड्या रोखून धरल्याबद्दल पत्रही मिळालं. त्यांनी त्यावर 'पाहिले' लिहून सही केली. टिकल्यांचा नकाशा डेअरीनं परत मान्य केला, पण आता टिकल्यांच्या जागी लाल त्रिकोण छापून घेतले. मी आनंदानं त्यांना दाखवायला नेला. त्या म्हणाल्या, "झकास हाय. पण ह्यो छापलेला लाल हलवता येत न्हाय. धोका हलतोय की गं. आज इथं, उद्या तिथं." वर्षाची नोकरी शिल्लक असताना त्यांनी राजीनामा दिला आणि कबनूरला भावाकडं राहायला गेल्या.

मीही पुढं डेअरी सोडून एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागले. कामाचे नकाशे कसे काढायचे, हाच विषय. एका वर्षी मुलांपुढं बोलायला मी अक्कांना बोलावलं. नको नको म्हणत त्या आल्या. खूप वाळल्या होत्या. श्वास लागत होता, जिना चढताना दोनदा थांबल्या. आजाराचं काही विचारलं तर विषय बदलायच्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी त्यांच्या भावाचा फोन आला, तेव्हा सगळं आटोपून चार दिवस झाले होते. म्हणजे मी त्यांना बघितलं ते त्या दिवशी शेवटचं.

सभागृहात दोनशेच्या वर मुलं बसली होती. मी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. अक्का माइकपाशी आल्या आणि बोलायचं सोडून सभागृहाच्या मागच्या भिंतीकडं बघत राहिल्या. तिथं मागचं दार होतं. दाराला आतून कुलूप.

"ती किल्ली कुणाकडं हाय?" त्यांनी माइकवरच विचारलं.

मुलं हसली. शिपाई म्हणाला, किल्ली ऑफिसात असते. ऑफिसातून कळलं, किल्ली ज्यांच्याकडं असते ते रजेवर आहेत. मी अक्कांना हळूच म्हटलं, "तुम्ही सुरू करा, तोवर बघतील." त्या म्हणाल्या, "हे सुरूच हाय की." आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. प्राचार्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की ती मला अजून आठवते. चाळीस मिनिटं गेली. शेवटी वर्कशॉपमधून एकानं कटर आणून कुलूप तोडलं. दार ढकललं तर बाहेरून बाकांची चळत लावलेली. ती हलवायला आणखी दहा मिनिटं.

तेव्हा कुठं अक्का माइकपाशी आल्या. "तुमच्या मॅडमनी नकाशे शिकवलेत म्हणं. ह्या खोलीचा नकाशा काढा. दोन दारं दाखवा. आणि आता जाताना मागच्या दारानं जावा." एवढंच त्यांचं भाषण.

मुलं कुजबुजत, हसत मागच्या दारानं बाहेर पडू लागली. अक्का दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. एक हात दाराला टेकलेला, ते मिटू नये म्हणून. प्रत्येक जण बाहेर जाईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. शेवटची दोन मुलं गेली, पंखे बंद झाले. बाहेर व्हरांड्यात मी त्यांची वाट बघत होते.

"आत कोण राहिलं न्हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही, अक्का. सगळे गेले."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. मग माझ्या हातातली पिशवी दारात अडकवून त्यांनी ते उघडं ठेवलं आणि भिंतीचा आधार घेत, रांगांमधून एकेक खुर्ची बघत, पुन्हा आत गेल्या.